संध्याकाळच्या गर्दीत इन्स्ट्रुमेंट्स कशी फिरवायची: ट्रेमधलं ग्लुटराल्डिहाइड की ऑटोक्लेव्ह?

अक्कलदाढ:
तालुक्याच्या गावातला दवाखाना. खुर्च्या दोन, डॉक्टर एक, मदतनीस एक. गर्दी सगळी ५ ते ९ या वेळात, बारा ते चौदा पेशंट. ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १८ लिटरचा, बी क्लास, म्हणजे व्हॅक्यूमने आतली हवा काढणारा. मिरर-प्रोब-ट्वीझरचे आठ सेट आणि एअरोटर (दात कोरायचं, हवेवर फिरणारं हँडपीस) दोन. फोरसेप, एलिव्हेटर वगैरे दात काढायची इन्स्ट्रुमेंट्स पाउच करून (कागद-प्लास्टिकच्या पाकिटात बंद करून) ऑटोक्लेव्हमधूनच येतात, त्याबद्दल प्रश्न नाही. अडतं ते रोजच्या सेटवर. सातच्या सुमारास आठही सेट वापरून झालेले असतात. मग ते धुवायचे, २ टक्के ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये २० मिनिटं बुडवायचे आणि परत टेबलावर. दात साफ करायच्या स्केलरची टिपही त्याच ट्रेमध्ये. एअरोटर स्पिरिटने पुसला की पुढच्या पेशंटला. आजूबाजूला बहुतेक ठिकाणी हेच चालतं.

हे कितपत बरोबर? नसेल तर चौदा पेशंटच्या वेगात ऑटोक्लेव्ह कसा बसवायचा? आणि प्रोबच्या मानेवर पांढुरका थर बसतो, फोरसेपच्या सांध्यात तपकिरी डाग दिसतात, ते कशामुळे?

कॅव्हिटी_क्लास_दोन:
ट्रे बंद करा. हे आधी सांगतो, कारणं मागाहून.

संसर्गाच्या धोक्यानुसार वस्तूंचे गट पाडणाऱ्या स्पॉल्डिंगच्या वर्गवारीत मिरर 'सेमी-क्रिटिकल' धरतात, कारण तो तोंडातल्या नाजूक त्वचेला लागतो पण आत शिरत नाही. तेवढ्याच आधारावर 'हाय-लेव्हल डिसइन्फेक्शन पुरे' असं सांगितलं जातं. पण अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २००३ च्या दंतोपचारविषयक मार्गदर्शिकेत त्याला जोडूनच म्हटलंय की सेमी-क्रिटिकल वस्तू उष्णता सोसणारी असेल तर ती उष्णतेनेच निर्जंतुक करायची. स्टीलचा मिरर, प्रोब, ट्वीझर १३४ अंशाला आरामात टिकतात. मग रसायनाची वाट धरायचं कारणच उरत नाही. स्केलर टिप तर हिरडीखाली जाते, ती सरळ 'क्रिटिकल', म्हणजे आत शिरणारी. पॉकेट (दात आणि हिरडीमधली खोबण) मोजायचा प्रोबही त्यातच धरा.

आता रसायनाबद्दल. २ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये २० मिनिटांत बहुतेक जिवाणू-विषाणू मरतात, बीजाणू (स्पोर, म्हणजे जिवाणूंचं टणक कवचातलं रूप) मरत नाहीत. त्यांना १० तास लागतात. काही कंपन्यांच्या लेबलवर तर हाय-लेव्हल डिसइन्फेक्शनसाठीच २५ अंशाला ४५ मिनिटं दिलेली असतात, त्यामुळे '२० मिनिटं' हा आकडा ऐकीव न ठेवता आपल्या कॅनवर वाचून घ्या. पण समजा, रात्रभर १० तास बुडवलं. सकाळी ते अंगावरचं रसायन काढायला धुवावंच लागतं, कारण राहिलं तर पेशंटच्या तोंडात चुरचुरतं. धुणार नळाखाली. म्हणजे रात्रभर जे कमावलं ते अर्ध्या मिनिटात नळाच्या पाण्याला दिलं. ओली वस्तू पाउचमध्ये भरून ठेवता येत नाही, इंडिकेटर (रंग बदलणारी खुणेची पट्टी) लावता येत नाही, स्पोर टेस्ट करता येत नाही. काम झालं की नाही हे तपासायचा मार्गच नाही, माझा मुख्य आक्षेप हा आहे.

त्यात पुन्हा त्याचं आयुष्य. अ‍ॅक्टिव्हेटर मिसळल्यापासून साधारण १४ दिवस (काही उत्पादनांचे २८), आणि हे दिवस कॅनमध्ये मिसळल्यापासून मोजायचे, ट्रेमध्ये ओतल्यापासून नव्हे. दर वेळी ओली इन्स्ट्रुमेंट्स बुडवली की द्रावण पातळ होत जातं, म्हणून चौदा दिवसांच्या आतही ते निकामी झालेलं असू शकतं. ते फक्त टेस्ट स्ट्रिपवर कळतं. वाफेने डोळे चुरचुरतात, दम्याचा त्रास असलेल्या मदतनीसाला तर ते सोसतच नाही, आणि मराठवाड्या-विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये उघडा ट्रे म्हणजे शिक्षाच. १२१ अंशालाही वितळतील अशा थोड्या प्लास्टिकच्या वस्तूंपुरतं, झाकणाच्या डब्यात ठेवा. एक्स-रे सेन्सरला ते नको. त्याला दर पेशंटला नवं प्लास्टिक कव्हर, आणि कव्हर काढल्यावर कंपनीने सांगितलेल्या वाइपने पुसणं.

वेगाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याला उत्तर रसायनात नाही, सेटच्या संख्येत आहे. हिशेब करू. ताशी साडेतीन पेशंट धरले तर सहा सेट वापरून व्हायला पावणेदोन तास, म्हणजे ६:४५. धुणं, सुकवणं, पाउच करणं यात अर्धा तास, ऑटोक्लेव्हची पूर्ण सायकल सुकवणीसकट पाऊण तास, थंड व्हायला दहा मिनिटं. पहिला लोड सव्वाआठला हातात. तोवर अकरा-बारा पेशंट होऊन गेलेले असतात. म्हणजे बारा सेट लागतात, वर खाली पडणाऱ्यांसाठी दोन. तुमच्याकडे आठ आहेत. आणखी आठ घेतले की सोळा होतात आणि संध्याकाळी सायकलच्या मागे धावायची गरजच राहत नाही. पहिला लोड पावणेसातला, दुसरा नऊनंतर. दवाखान्यात मिरर-प्रोब-ट्वीझर ही सगळ्यात स्वस्त खरेदी, आणि नेमकी तीच पुढे ढकलली जाते.

निळे_ग्लोव्ह:
वरच्या हिशेबात 'धुणं' हा एक शब्द आहे. सगळं बिघडतं ते तिथे. रक्त किंवा सिमेंट चिकटलेलं असेल तर वाफ त्याच्याखाली पोचत नाही, ऑटोक्लेव्ह कितीही भारी असो.

सुरुवात खुर्चीपाशी होते. जीआयसी, कंपोझिट, झिंक ऑक्साइड असं दात भरायचं साहित्य लागलेलं इन्स्ट्रुमेंट त्याच क्षणी ओल्या गॉजने पुसायचं. जीआयसी वाळलं की मग ते पात्याने खरवडावं लागतं, आणि खरवडलेल्या जागी पुढच्या वेळी आणखी घट्ट बसतं. पेशंट उठला की ट्रे झाकणाच्या डब्यातून धुण्याच्या जागी. तिथे लगेच हात लागणार नसेल तर एन्झायमॅटिक द्रावणात बुडवा किंवा ओला टॉवेल टाकून ठेवा, वाळू देऊ नका. सलाइनमध्ये किंवा हायपोक्लोराइटमध्ये भिजवू नका. क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात. फोरसेपच्या सांध्यातले तपकिरी डाग बऱ्याचदा इथूनच येतात.

एन्झायमॅटिक क्लीनर लेबलप्रमाणे मोजून घाला (सहसा लिटरला ५ ते १० मिली), अंदाजाने बुचभर नाही. पाणी कोमट, ४० अंशाच्या आसपास. कढत पाण्याने रक्तातली प्रथिनं गोठून उलटी चिकटतात. मग अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी मळ सोडवणारं मशीन). नवीन द्रावण भरल्यावर आधी पाच मिनिटं रिकामं चालवा, पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते. नाहीतर बुडबुडे नीट फुटत नाहीत. इन्स्ट्रुमेंट्स जाळीच्या टोपलीत, एकमेकांवर न रचता, फोरसेप-कात्र्या उघड्या, झाकण बंद, ८ ते १० मिनिटं. द्रावण रोज बदलायचं, गढूळ दिसलं तर आधीच. मशीन चालतंय की नुसतं गुणगुणतंय हे बघायला स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी उभी धरून वीसेक सेकंद चालवा. सगळीकडे सारखी बारीक भोकं-खड्डे पडले तर ठीक. एक पट्टा कोरा राहिला तर त्या जागेखालचा ट्रान्सड्यूसर गेलेला असतो.

अल्ट्रासॉनिक नसेल तर लांब दांड्याचा नायलॉन ब्रश, पाण्याच्या पातळीखाली, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. हातात जाड नायट्राइलचे युटिलिटी ग्लोव्ह, तपासणीचे पातळ नव्हेत, डोळ्यांवर चष्मा. तारेची घासणी कधीच नाही. नंतर नळाखाली खळखळून धुवा, शेवटचं पाणी डिमिनरलाइज्ड, आणि पूर्ण कोरडं करा. मग दिव्याखाली भिंग धरून तीन जागा बघा: प्रोबचा बाक जिथे दांड्याला मिळतो, दांड्यावरचं खरबरीत नक्षीकाम, आणि फोरसेपच्या चोचीतले दाते. मळ राहतो तो तिथेच.

तुमच्या पांढऱ्या थराबद्दल: व्हिनेगरमध्ये किंवा पातळ सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये बुडवलेल्या कापसाने निघाला तर बोअरच्या पाण्याचा क्षार. न निघाला तर ग्लुटराल्डिहाइडने गोठवलेलं प्रथिन असण्याचा संभव जास्त. हे रसायन रक्त-लाळ धातूवर पक्की बसवतं, म्हणून नीट न धुता ट्रेमध्ये टाकलेल्या प्रोबवर थर चढत जातो. तपकिरी डागाला पेन्सिलचं खोडरबर घासा. डाग निघून खाली गुळगुळीत धातू दिसला तर नुसता डाग, खड्डे दिसले तर गंज. गंजलेलं इन्स्ट्रुमेंट बाजूला काढा, ते शेजारच्यांनाही गंज लावतं.

अक्कलदाढ:
सेटचा हिशेब पटला. आता तीन अडचणी. आमच्याकडे संध्याकाळी लाइट जाते, सायकल मधेच तुटते. पाउच अधूनमधून ओले निघतात. आणि पाणी घरच्या आरओचं घालतो, ते चालतं ना?

वाफ_१३४:
शेवटच्यापासून सुरू करतो. आरओचं चालत नाही. छोट्या ऑटोक्लेव्हसाठी युरोपीय मानकात पाण्याची वाहकता १५ मायक्रोसीमेन्सच्या आत सांगितली आहे. घरच्या आरओचं पाणी टीडीएस पेनवर (पाण्यातले क्षार मोजणारं पेन) ४० ते ८० दाखवतं, वाहकतेत ते दुप्पट धरा. हा क्षार स्टीम जनरेटरमध्ये, सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या बारीक भोकात आणि तापमानाच्या सेन्सरवर बसतो. सेन्सरवर पापुद्रा बसला की मशीन चुकीचं वाचायला लागतं. डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी घ्या. बॅटरीचं म्हणून मिळतं ते सगळं सारखं नसतं, पेन बुडवून ७ च्या आत असेल तरच घाला. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून पुसा. वापरलेलं पाणी पुन्हा टाकीत ओतू नका, त्यात एअरोटरचं तेल असतं.

लाइट. १८ लिटरचं मशीन दोन किलोवॅटच्या आसपास ओढतं, घरगुती इन्व्हर्टरवर ते चालणार नाही. सायकल तुटली की तो लोड निर्जंतुक नाही, मग तुटली तेव्हा पडद्यावर १३४ दिसत असो वा नसो. 'उरलेली दोन मिनिटं' असं काही नसतं, पुन्हा पहिल्यापासून. आणि पाउच भिजलेले असतील तर नव्या पाउचमध्ये. म्हणूनच वर सुचवलेले सोळा सेट: लाइट कधी जाते ते ठाऊक असेल तर लोड तिच्याभोवती बसवता येतो.

ओले पाउच. ओला कागद जंतू आत ओढतो, त्यामुळे ओला निघालेला पाउच हा न झालेल्या सायकलइतकाच निरुपयोगी. कारणं अशी: इन्स्ट्रुमेंट्स ओली भरली, पाउच आडवे एकावर एक रचले, चेंबर गच्च भरला (तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त नको), सुकवणी संपायच्या आत दार उघडलं. पाउच रॅकमध्ये उभे लावा, एकाची कागदी बाजू दुसऱ्याच्या प्लास्टिककडे, मध्ये बोटभर फट. वाफ कागदातून जाते-येते, प्लास्टिकमधून नाही. दोन प्लास्टिक चिकटले तर मधलं पाणी जाणार कुठे? पाउचची पट्टी छापलेल्या रेषेवरच दुमडा. बॉलपेनने कागदावर लिहू नका, टोचून भोक पडतं. तारीख आणि सायकलचा क्रमांक प्लास्टिकच्या बाजूला मार्करने.

दाराचं रबर रोज ओल्या कापडाने पुसा. एक केस किंवा कापसाचा धागा त्यावर बसला तर व्हॅक्यूम धरत नाही आणि मशीन एरर देतं. लोक मेकॅनिकला बोलावतात आणि तो केस काढून पैसे घेऊन जातो.

आता खात्री कशी करायची. पाउचवरचा बाण किंवा टेप रंग बदलते, तो क्लास १ चा इंडिकेटर. ती फक्त 'हा पाउच आत गेला होता' एवढंच सांगते. दर लोडमध्ये, सगळ्यात अडचणीच्या जागच्या पाउचच्या आत क्लास ५ ची पट्टी (वेळ, तापमान आणि वाफ तिन्ही पुरेशी होती का ते दाखवणारी) ठेवा. सकाळी पहिल्या लोडआधी हेलिक्स टेस्ट: दीड मीटर लांब, २ मिमी पोकळीची नळी, तिच्या टोकाला पट्टी. तिथवर वाफ पोचली तर एअरोटरच्या आतही पोचेल. आणि आठवड्यातून एकदा स्पोर टेस्ट, जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसची अँप्यूल. सायकलनंतर ती फोडून ५५ ते ६० अंशाला लेबलप्रमाणे २४ ते ४८ तास इनक्युबेटरमध्ये, सोबत त्याच बॅचची एक न शिजवलेली. तुमची जांभळी राहिली आणि न शिजवलेली पिवळी झाली तर पास. दोन्ही जांभळ्या राहिल्या तर आनंद मानू नका, बीजाणूच मेलेले होते, टेस्ट रद्द.

हे सगळं बी क्लासचं झालं. कुकरसारखा उभा ऑटोक्लेव्ह असलेल्यांसाठी एक सांगतो. त्यात व्हॅक्यूम नसतो, हवा वाफेनेच ढकलावी लागते. तोटीतून सलग, जोरदार वाफ यायला लागल्यावर आणखी पाचेक मिनिटं ती उघडी ठेवा, मग बंद. निम्मी हवा आत राहिली तर काटा १५ पौंड दाखवतो पण तापमान १२१ ऐवजी ११२ असतं. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून १५ पौंडाला ११८-११९च मिळतं; तिथे १७ ते साडेसतरा पौंड लागतात, मशीनला तेवढी परवानगी असेल तर. पोकळ वस्तू, म्हणजे एअरोटर, या प्रकारात भरवशाने होत नाहीत.

फिशर_बर:
एअरोटरवर वेगळं लिहायला हवं, कारण प्रश्नातली सगळ्यात वाईट गोष्ट ती आहे, ट्रे नव्हे. थांबताना टर्बाइन क्षणभर उलटं ओढतं, लाळ-रक्त डोक्यात आणि पाण्याच्या नळीत जातं. स्पिरिट बाहेर पुसलं जातं, मळ आत आहे. बुडवायचा तर विचारही नको: द्रावण आत नीट पोचत नाही, पोचतं तिथे बेअरिंग खातं.

क्रम असा. पेशंट उठायच्या आधी, बर (कोरायचं टोक) लावलेलाच असताना, हवा-पाणी २० ते ३० सेकंद सक्शनमध्ये सोडा. बर काढा. ओल्या वाइपने बाहेरून पुसा. एअरोटर काढून मागच्या भोकांपैकी ड्राइव्ह एअरच्या (टर्बाइन फिरवणाऱ्या हवेच्या) भोकात तेलाचा स्प्रे एक-दोन सेकंद. चार भोकांच्या जोडणीत सगळ्यात मोठं भोक एक्झॉस्टचं असतं, ड्राइव्हचं त्याच्या खालोखालचं. बरेच जण मोठ्यात मारतात, आणि मग 'तेल घालूनही बेअरिंग गेलं' म्हणतात. डोक्यावर टिश्यू धरून बघा: काळं-तपकिरी तेल आलं तर स्वच्छ येईपर्यंत पुन्हा. मग जादा तेल उडवायला क्षणभर फिरवा. फायबर ऑप्टिक असेल तर काच पुसून घ्या, तेल भाजून तिथे पिवळा डाग बसतो. पाउच, १३४ अंश. चकमध्ये (बर पकडणाऱ्या भागात) बर ठेवून ऑटोक्लेव्ह करू नका. बाहेर काढल्यावर नळाखाली थंड करायची घाई नको.

दांड्यावर १३५ अंशाची खूण कोरलेली नसेल तर तो एअरोटर पेशंटसाठी नाहीच. सगळ्या पेशंटला तो लागत नाही, निम्म्यांना धरला तर संध्याकाळचे सात. वरच्या वेळापत्रकात पहिला लोड हातात येईपर्यंत बारापैकी सहांना तो लागतो, म्हणून सहा एअरोटर हवेत, म्हणजे आणखी चार घ्या. मायक्रोमोटरच्या कॉन्ट्रा-अँगल आणि स्ट्रेट हँडपीसलाही हेच. इलेक्ट्रिक मायक्रोमोटरची मोटर आणि वायर मात्र सहसा ऑटोक्लेव्हमध्ये जात नाही, तिला प्लास्टिकचं आवरण, दर पेशंटला नवं.

अक्कलदाढ:
एअरोटरचं पटलं, चार मागवतो. शेवटचं: रूट कॅनालच्या फाइलींसाठी ग्लास बीड स्टरिलायझर (तापलेल्या काचेच्या मण्यांचं भांडं) आहे. आणि झालेले पाउच यूव्ही चेंबरमध्ये ठेवतो.

कॅव्हिटी_क्लास_दोन:
बीडमध्ये फाइलीचं जेवढं टोक बुडतं तेवढंच तापतं. दांडा, रबर स्टॉप बाहेर. मण्यांचं तापमानही वर-खाली सारखं नसतं. त्याच पेशंटच्या एका बैठकीत फाइल मधेच पुसून पुन्हा वापरायची असेल तर ठीक, दोन पेशंटच्या मध्ये नाही. फाइलींच्या पात्यांतला लगदा पूर्ण निघत नाही, म्हणून एका पेशंटला एक संच हेच बरोबर. बार्ब्ड ब्रोच (दातातली नस ओढून काढायची काटेरी सुई) तर कुठल्याच परिस्थितीत दुसऱ्याला नको. नव्या फाइली निर्जंतुक पाकिटात नसतील तर पहिल्या वापराआधीही ऑटोक्लेव्ह. गटापर्चाला (रूट कॅनाल भरायच्या रबरी कांड्यांना) उष्णता चालत नाही; ५.२५ टक्के हायपोक्लोराइटमध्ये एक मिनिट, मग स्टेराइल सलाइनने धुऊन कोरडे.

यूव्हीचा दिवा जिथे सरळ पडतो तिथेच काम करतो, सावलीत नाही. पाउचमधल्या इन्स्ट्रुमेंटला त्याचा काही उपयोग नाही. बंद, कोरडं कपाट पुरे. दिवा बंद केलात तरी चालेल.

सलाइनचंही बघून घ्या. २०२३ साली तमिळनाडूत वाणियंबाडीच्या एका दंत दवाखान्याशी जोडलेला मेंदूच्या मेलिऑइडोसिसचा (एका जिवाणूच्या संसर्गाचा) उद्रेक झाला, त्यात माणसं दगावली. तपासात बोट ठेवलं गेलं ते सलाइनच्या बाटलीवर: पेरिऑस्टियल एलिव्हेटरने (हिरडी सोडवायच्या इन्स्ट्रुमेंटने) उघडायची, सैल झाकायची, पुढच्या पेशंटला तीच. इन्स्ट्रुमेंट कितीही निर्जंतुक असलं तरी त्यावर ओतलेलं पाणी तसं नसेल तर उपयोग शून्य. सर्जरीला छोटी बाटली, एका पेशंटला एक, उरलेली फेकून.

निळे_ग्लोव्ह:
एक राहिलं. स्केलर टिप बसवायचा पाना. टिप ऑटोक्लेव्हमधून येते आणि वापरून झाल्यावर रक्ताळलेल्या ग्लोव्हने ज्या पान्यात घालून काढली त्याच पान्याने नवी बसवली जाते. पाने बहुतेक १३४ अंशाचे असतात, टिपेसोबत एकाच पाउचमध्ये टाका. सहा टिपांना सहा पाने. टिपेच्या आट्यांतला क्षार आठवड्यातून एकदा सायट्रिक अ‍ॅसिडने काढा. आणि स्केलरचा हँडपीस वायरीपासून सुटा होत नसेल तर पुढची खरेदी सुटा होणाऱ्याचीच करा, तोवर प्लास्टिक स्लीव्ह आणि पुसणं.